गर्ट्रूड जेकिल आणि टपालाने गेलेल्या बागा

एडविन लुटियन्स म्हटले की आपल्यापुढे नवी दिल्ली उभी राहते. परंतु हा वास्तुकार घडला इंग्लंडमधील सरे परगण्यात, आणि त्याला घडवण्यात गर्ट्रूड जेकिल यांचा वाटा मोठा होता. १८८९ मध्ये दोघांची भेट झाली, तेव्हा लुटियन्स वीस वर्षांचे होते आणि जेकिल पंचेचाळीस.

जेकिल मूळच्या चित्रकार, भरतकामातही निष्णात. रस्किन आणि मॉरिस यांच्या विचारांवर वाढलेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या त्या होत्या. यंत्रयुगाने बुद्धी आणि हात यांची फारकत केली, ती मिटवावी, हा या चळवळीचा आग्रह. १८९१ मध्ये दृष्टी अधू होत चालल्याने बारीक काम सोडण्याचा सल्ला त्यांना मिळाला आणि कॅनव्हासवरचे रंग मातीत उतरले. मन्स्टेड वुड या त्यांच्या घरचा सुमारे दोनशे फुटी ताटवा करड्या-निळ्या छटांनी सुरू होई, मध्यावर नारिंगी-तांबड्या रंगांनी पेटे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा निवे. बाग हाताने करायची असते, हे त्यांनी स्वतः जगून दाखवले. विल्यम निकल्सन यांनी १९२० मध्ये त्यांच्या झिजलेल्या बुटांचेच चित्र रंगवले!

अडचण पुढे आहे, आणि या शैलीचे चाहते ती सहसा टाळतात. जेकिल यांच्या नावावर सुमारे चारशे बागा आहेत. त्यांतील कित्येक त्यांनी पाहिल्याही नाहीत. जागेचे नकाशे टपालाने येत, लागवडीचे आराखडे टपालाने जात. अमेरिकेत पाऊल न ठेवता त्यांनी १९२६ मध्ये कनेक्टिकटमधील ग्लीब हाउसची बाग आखली. आखणारी एक आणि राबणारे दुसरे, हीच तर मॉरिस यांची तक्रार होती.

म्हणून जेकिल यांना ढोंगी ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र कारागिरीचे श्रेय केवळ कागदाला देणेही तितकेच चुकीचे. कागदावरचे रोप कोणत्या मातीत रुजेल, कोणते जळेल, हे माळ्यालाच कळे. तरीही बागांच्या इतिहासात माळ्यांची नावे शोधावी लागतात. सॉमरसेटमधील हेस्टरकूम ही लुटियन्स-जेकिल जोडीची बहुधा सर्वोत्तम बाग. दगडी पाट आणि पायऱ्या लुटियन्सच्या, लागवड जेकिल यांची, असे तिचे वर्णन नेहमी केले जाते. काळाच्या ओघात ती लागवड नाहीशी झाली. १९७० च्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा जेकिल यांचे आराखडे तिथेच, माळ्यांच्या शेडमध्ये सापडले.