तट उंचावले, मैदान कोणाचे?

जुने स्टेडियम पाडून नवे उभारण्याची घोषणा झाली की आपल्याकडे प्रथम नारळ फुटतो, मग नियोजित वास्तूचे चित्र छापून येते, आणि त्या चित्रात न दिसणाऱ्या माणसांचा विचार सर्वांत शेवटी, बहुधा कधीच, होत नाही. चित्रात हिरवळ असते, दिव्यांचे मनोरे असतात, काचेची दालने असतात. कुंपणाबाहेरची चाळ, चहाची टपरी, शाळेची वाट आणि पहाटे धावणारी पोरे त्यात नसतात. स्टेडियम हे वस्तीचे शेजारी असते. शेजाऱ्याने घर बांधावयास काढले तर ज्यांची भिंत त्याच्या भिंतीला लागून आहे त्यांना आधी विचारावे, एवढी रीत खेड्यातला साधा माणूसही पाळतो. कोट्यवधी रुपयांची कंत्राटे काढणाऱ्यांना मात्र ती सुचत नाही, हे आमचे पहिले गाऱ्हाणे आहे.

मुंबईच्या वानखेडे स्टेडियमचेच उदाहरण घ्यावे. चर्चगेटजवळ ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून उभे होते. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामन्यांची किती तिकिटे कोणाला मिळावीत यावरून हा क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात तंटा माजला, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर आपले वेगळे स्टेडियम बांधले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. म्हणजे ‘आमच्या माणसांना बसायला जागा हवी’ या हट्टातूनच ही वास्तू जन्मली होती.

पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी तिची पुनर्बांधणी झाली. पूर्वी सुमारे ४५,००० प्रेक्षक सामावणाऱ्या त्या वास्तूत आता सुमारे ३३,००० मावतात. आसने ऐसपैस झाली, छप्पर देखणे झाले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याची तिकिटे वाटली गेली, तेव्हा सर्वसामान्यांच्या वाट्याला जेमतेम ४,००० च्या आसपास आली. उरलेली क्लब, संघटना आणि पुरस्कर्ते यांच्यात विभागली गेली. जागेच्या भांडणातून जन्मलेल्या स्टेडियमने सामान्य माणसाची जागा अशी आकसून टाकली. दर सामन्याच्या दिवशी रस्ते बंद होतात, वाहने ठेवण्यास मनाई होते, लोकलगाड्या तुंबतात. हा सारा भार शेजारच्या रहिवाशाने आणि नोकरदाराने सोसायचा. उत्सवात मात्र त्याला स्थान नाही.

ब्रेबर्नच्या त्याच मैदानावरील एक आठवण आपल्या समाजाने जपून ठेवावी अशी आहे. धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे संघ होते. ख्रिस्ती, ज्यू अशा उरलेल्यांचा मिळून ‘इतर’ हा संघ होता. १९४३ च्या अंतिम सामन्यात सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील विजय हजारे यांनी या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. दुसऱ्या बाजूला भाऊ विवेक हजारे खांब रोवून उभा होता. त्याच्या धावा २१, आणि दोघांची भागीदारी ३०० ची! सामना ‘इतर’ हरले. धर्मावरून संघ पाडणारी ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली, ते योग्यच झाले. पण आज नव्या स्टेडियमांच्या दारांत पुन्हा ‘इतर’ नावाचा एक जथा ताटकळतो आहे. त्याची जात किंवा धर्म कोणी विचारीत नाही, फक्त खिसा चाचपतात.

दाराबाहेरच्यांचा विसर पडला की काय होते, हे ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूने पाहिले. चिन्नास्वामी स्टेडियमच्या प्रवेशद्वारांबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांनी प्राण गमावले. बळी गेले ते रस्त्यावर. भर शहरातील ते स्टेडियम प्रचंड गर्दीच्या सोहळ्यांस योग्य नाही, असा निष्कर्ष पुढे चौकशी आयोगाने काढला. तेव्हा स्टेडियमचे नकाशे कुंपणापाशी थांबता कामा नयेत, हा आमचा आग्रह हवेतला नाही.

आणि हे थोपविता येते. ब्राझीलमधील रिओ शहराचे माराकाना स्टेडियम पाहा. १९५० मध्ये तेथे जवळजवळ दोन लाख लोकांनी विश्वचषकाचा निर्णायक सामना पाहिला. २०१४ च्या स्पर्धेसाठी झालेल्या पुनर्बांधणीनंतर तेथे सुमारे ७८,००० आसने उरली. एवढ्यावर न थांबता शेजारची नगरपालिकेची शाळा, पोहण्याचा तलाव आणि धावपट्टीचे मैदान जमीनदोस्त करण्याचा घाट घातला गेला. पालक, विद्यार्थी व खेळाडू रस्त्यावर उतरले, आणि २०१३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. शाळा वाचली. धावपट्टीवर मात्र तोवर फरसबंदी होऊन गेली होती. वेळेवर बोललेल्याचे वाचते आणि उशीर झालेल्याचे जाते, हा त्यातला धडा.

मुंबईच्या स्टेडियमशी चाकूरचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर आणले. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेटच्या धुरीणांनी दाखविली होती, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ती तयारी न्यायालयाच्या दारात सुचावी, आधी सुचू नये, यातच सारे आले. मोठे मैदान जेवढे पाणी पिते तेवढ्यापुरते अवघा जिल्हा त्याचा शेजारी असतो.

आमच्यावर आक्षेप येतील. जुन्या वास्तू धोकादायक झाल्या आहेत, त्या तशाच ठेवायच्या काय? मुळीच नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात घरे डोक्यावर कोसळलेली पाहणाऱ्या जिल्ह्याला बांधकामाची मजबुती कोणी शिकवावयास नको. दुसरा आक्षेप पैशाचा: देखभालीसाठी उत्पन्न हवे. हवेच, पण उत्पन्नासाठी मैदान वर्षभर भाड्याने गेले आणि मुलांना कुलूप दिसू लागले, तर देखभाल कशाची करायची?

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, ते तांबड्या मातीत अंग घुसळून. काचेच्या दालनातून मल्ल निघत नसतात. चाकुरात सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. भरतीची उमेद बाळगून पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलांना मोकळी, सपाट, खड्डे नसलेली जमीन एवढेच लागते. तालुक्याच्या गावी होणाऱ्या कोणत्याही क्रीडा संकुलाची किंमत या एका कसोटीवर ठरावी: मूल तेथे फुकट आणि निर्भयपणे धावू शकते काय?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कोठलेही जुने मैदान वा स्टेडियम पाडण्यापूर्वी नकाशा ग्रामसभेत किंवा वॉर्डात जाहीरपणे मांडावा. स्थानिक मुलांसाठी राखलेले तास करारात लिहावेत. तोंडी आश्वासन कामाचे नाही. टपरीवाल्यांना काम सुरू होण्यापूर्वीच पर्यायी जागा मिळावी. पाणी कोठून येणार, याचा हिशोब दुष्काळाचे वर्ष धरून द्यावा. आणि हाच नियम धर्मग्रामाच्या शाळांनाही लागू व्हावा: नव्या इमारतीसाठी मैदानाचा कोपरा कापला जात असेल, तर पालकांनी आधी विचारावे, मग देणगीची पावती फाडावी.

मैदान एकदा गेले की परत येत नाही. विटा पुन्हा रचता येतात. मोकळी जागा मात्र कोणत्याही गवंड्याला बांधता येत नाही.