सावजी गरम, पोट्टं गार

डिसेंबर लागला की मोबाइलवर जॅकेटांचा बाजार भरतो. अस्तर कोणतं चांगलं, पाणी आत शिरणार नाही याची खात्री काय, हातमोजे चामड्याचे घ्यावे की कापडी. रील करणारा भाऊ पहाटे पाचला पचमढीच्या नाहीतर चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागलेला असतो आणि त्याच्या अंगावर माझ्या गाडीच्या निम्म्या किमतीचा ऐवज असतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. तो सांगतो ते बहुतेक बरोबरच असतं. भांडण एवढ्यासाठी आहे, की हे सगळं रविवारी चार तास गाडी चालवणाऱ्यासाठी सांगितलं जातं. नागपुरात भर थंडीत रोज रात्री आठ-दहा तास गाडीवर असणारा माणूस वेगळाच आहे. त्याच्या अंगावर कंपनीचा टी-शर्ट आणि पाठीवर एक पिशवी असते.

ती पिशवी एकदा नीट बघा. आतून चंदेरी अस्तर, मध्ये फोमचा थर, बाहेरून पाणी न शिरणारं कापड. थंडीत गाडीवर माणसानं काय घालावं याबद्दल जे जे सांगतात, ते सगळं त्या पिशवीला मिळालेलं आहे. सावजीचा रस्सा महालातून मनीषनगरपर्यंत वाफाळता पोचावा म्हणून कोणीतरी डोकं चालवलं, पैसे घातले. तो रस्सा ज्याच्या पाठीवरून जातो, त्याच्यासाठी ते डोकं कोणी चालवलं नाही.

"नागपुरात कुठं आली थंडी?" असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, ते समजू शकतं. त्यांच्यासाठी नागपूर म्हणजे मे महिना. पण आपणही तेच म्हणतो. २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दरवर्षी एवढा उतरत नाही, पण आठ-दहा अंशांच्या रात्री दर हिवाळ्यात येतातच. आणि हा आकडा उभ्या माणसाचा आहे. आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेचा हवेचा एक पातळ थर असतो. गाडी पळायला लागली की वारा तो थर ओरबाडून नेतो. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानं हिशेब केला, तर ८ अंशांत ताशी ५० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला साधारण ३ अंशांसारखा लागतो. म्हणजे २०१८ ची ती विक्रमी रात्र गाडीवरच्या पोट्ट्याला दर हिवाळ्यात भेटते, आणि तिची बातमी होत नाही.

माझा मामेभाऊ दोन हिवाळे हे काम करत होता. दुसऱ्या वर्षी जानेवारीत अवकाळी पाऊस आला. आपल्याकडे हा पाऊस नवा नाही. हरभरा आणि संत्र्याच्या बागा असलेल्या कोणालाही विचारा. पण जानेवारीत रेनकोट घेऊन कोण निघतं? वर्धा रोडवर समोरची कार अचानक वळली. "बोटं ब्रेकवर होती दादा," तो नंतर म्हणाला, "पण दाबली का नाही, तेच समजलं नाही." ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. त्याच्याकडे तेवढे मीटर नव्हते. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर राहिलं. रस्त्यावर पडलेला असताना खिशातला फोन वाजत होता, ऑर्डर कुठपर्यंत आली म्हणून.

दवाखान्यात मामी एकच वाक्य घोकत होती, "स्वेटर घालून जाय म्हणून हजारदा सांगतलं होतं ह्याले." त्यानं स्वेटर घातला होता. मामीनंच घेऊन दिलेला, तिबेटी स्वेटरवाल्यांकडून. ही माणसं आपल्याला परकी नाहीत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. स्वेटरही चांगला होता. पण विणकामाला भोकं असतात. घरात, अंगणात तो ऊब धरून ठेवतो. गाडीवर वारा त्यातून आरपार जातो. भिजला की उरलीसुरली ऊबही गेली. चूक मामीची नव्हती आणि त्याचीही नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. अंगाला चिकटून सुती बनियन नको. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. खेळाडू घालतात तसा लवकर वाळणारा टी-शर्ट बरा. त्यावर मामीचा स्वेटर. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. पावसाळ्यातला साधा रेनसूट, शर्ट-पँट दोन्ही, इथं कामाला येतो. त्यात घाम साचतो हे खरं आहे. वाफ बाहेर सोडणाऱ्या महागड्या जॅकेटाची बरोबरी तो करत नाही. पण घामानं थोडं ओलं होणं आणि वाऱ्यानं गोठणं यात निवड करायची तर घाम पत्करा, थांबलात की चेन उघडा. विकत घेताना शिवण उलटी करून बघा. आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही भारी असो, पाणी शिवणीतून येणार. गळा आणि मनगट बंद होतंय का ते बघा. काळा रंग टाळा, उजेडात चमकणारी पट्टी असलेलं घ्या. आणि छाती गरम ठेवा, कारण थंडी वाढली की शरीर बोटांचं रक्त कमी करून आतल्या अवयवांना पुरवतं. नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही, पण हातमोज्यांशिवायही भागत नाही. काहीच नसेल तर स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये वर्तमानपत्र घाला. हसू नका. टूर द फ्रान्सचे सायकलपटू डोंगर उतरताना हेच करायचे.

पण इथंच थांबलो तर मीही त्या रीलवाल्या भावासारखाच. पेपर छातीला लावून काम कर, हा सल्ला झाला. न्याय नाही झाला.

यावर उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." बोट दोन महिने गोठो की दोन मिनिटं, ब्रेक एकदाच चुकावा लागतो. दुसरं, "पोट्टे रगेल असतात, त्यायले काय होते बे." हे आपलं लाडकं वाक्य. उन्हाळ्यातही आपण हेच म्हणतो. थंडी सोसण्याला आपण मर्दानगी समजतो आणि गंमत म्हणजे हे वाक्य नेहमी रजईत बसलेला माणूस बोलतो. तिसरं उत्तर वकिली आहे: तो नोकर नाही, भागीदार आहे, कपडे त्यानं आपले घ्यावे. मग पिशवीही त्यानं त्याच्या मनासारखी का घेऊ नये? टी-शर्टाचा रंग त्यानं का ठरवू नये? कंपनीचं नाव मिरवायला तो कंपनीचा, आणि थंडी वाजली की स्वतःचा धंदेवाला. ही कसली भागीदारी?

आणि हा विचार काही परदेशातून आणायचा नाही. आपल्याकडे १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्याच्या दहाव्या कलमात लिहिलेलं होतं, की ड्रायव्हर, कंडक्टर आणि तपासनीस यांना पाऊस आणि थंडीपासून बचावासाठी गणवेश, रेनकोट द्यायला मालकाला भाग पाडणारे नियम राज्य सरकार करू शकतं. डोक्यावर छप्पर असलेल्या बसमधल्या माणसासाठी हे कलम होतं. डोक्यावर काहीच नसलेल्या दुचाकीवाल्यापर्यंत आल्यावर आपण मागे गेलो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, विमा आणि आरोग्याच्या योजनांची भाषा आली, ते चांगलंच झालं. पण विमा मनगट मोडल्यावर कामाला येतो. हातमोजा त्याच्या आधी येतो.

मागणी मोठी नाही. नोव्हेंबर संपायच्या आत पट्टी चिकटवलेल्या शिवणीचं जॅकेट, पावसाची पँट आणि हातमोजे. फुकट, कमाईतून कापून नाही, अनामत घेऊन नाही. अकरानंतर आणि पावसात पोचवायचा वेळ वाढवा. हॉटेलवाल्यांनी ऑर्डर तयार होईपर्यंत पोट्ट्याला फुटपाथवर उभं न ठेवता दाराच्या आत घ्यावं; भट्टीची ऊब वाया जातेच आहे.

आणि आपण? मी स्वतः अपघातानंतर दोन आठवड्यांनी रात्री साडेअकराला बिर्याणी मागवली होती. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून फोनही केला. दारात जो आला, त्याच्या हातातलं पार्सल मी घेतलं तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. पार्सल गरम होतं. "सॉरी सर," तो म्हणाला, आणि सही करायला फोन पुढं करताना त्याला तो धड धरता येत नव्हता. मी त्याला चांगले गुण दिले, दार लावलं आणि जेवलो.

गुण देऊन बोटं गरम होत नाहीत. तक्रार करायची असेल तर त्याच रकान्यात करा, जेवणाची नाही: जेवण गरम होतं, आणणारा गार होता, त्याला जॅकेट द्या. या हिवाळ्यात दर ऑर्डरला हेच लिहायचं मी ठरवलं आहे. तुमच्या पिशवीला जे दिलंत, तेवढं तरी त्याला द्या.