आवळलेली अक्षरे

अक्षर ठळक असावे, याबद्दल माझी तक्रार नाही. आमचे दोंडाईचा मिरचीच्या बाजाराचे गाव. इथे मिळमिळीत काही खपतच नाही. माझे भांडण आहे ते ठळक अक्षराला दोन्ही कुशींतून आवळून उभे करणाऱ्या फ्लेक्सवाल्यांशी.

परवाचीच गोष्ट. चौकात एक फ्लेक्स लागला होता. वर फेटा बांधलेले हसरे बापू. खाली काळ्याकुट्ट अक्षरांची, लोकलच्या डब्यासारखी खच्चून भरलेली ओळ. त्यातला 'श' तेवढा लागला. बाकीचे मी मनाने भरले : शुभेच्छा! पंच्याहत्तरी असणार. पाव किलो पेढे घेऊन गेलो. दार उघडले ते मुंडन केलेल्या मुलाने.

"काका, बापू गयात ना!"

तो 'श' श्रद्धांजलीचा होता. पेढ्यांचा पुडा कुठे लपवावा, मला कळेना.

इंग्रजीत 'इम्पॅक्ट' नावाचे असेच जाड नि अरुंद अक्षर आहे. जेफ्री ली यांनी काढलेले हे अक्षर शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक फाउंड्रीने १९६५ साली बाजारात आणले. तिथली मोठी अक्षरे सरळसोट. डोक्यावर वेलांटी नाही, पायाशी उकार नाही. दाटीने उभी करा खुशाल! आपली देवनागरी म्हणजे तीन मजली वाडा. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. मधल्या मजल्यावर जोडाक्षरांचा एकत्र संसार. हा वाडा बोळात बसवायचा तर नकाशाच नव्याने काढावा लागतो. जाणकार तो काढतातही. मुंबईच्या 'एक टाइप'ने २०२२ साली 'अनेक' हा टाइप आणला. त्यात देवनागरी अरुंदापासून रुंदापर्यंत मिळते, आणि दांड्याची जाडी व अक्षराच्या पोटातली पोकळी दर वेळी सांभाळलेली असते.

आमच्याकडे मात्र संगणकावर आयती ओळ धरतात आणि कडेने दाबतात. उभे दांडे रोडावतात, शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते, पोकळ्या बुजतात. 'भ'चा 'म' होतो. धुळ्याचे 'घुळे' होते.

तुम्ही म्हणाल, जागाच नसते हो! नसते कशी? त्याच फ्लेक्सवर सतरा शोकाकुल पुढाऱ्यांचे चेहरे होते, एकेक टोपलीएवढा! बापूंच्या वाट्याला उरली वीतभर पट्टी.

कुस्त्यांची दंगल असेल, तर लिहा की जाड, अरुंद, उंच! दोनच शब्द, लांबून दिसले पाहिजेत. पण मरणाची बातमी ओरडून सांगू नये, आणि गळा दाबून तर मुळीच सांगू नये.

तेराव्याला गेलो तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "काका, तुम्ही एकटेच नाही. आणखी दोघे पुष्पगुच्छ घेऊन आले होते."

म्हणून माझी एवढीच मागणी आहे. पुढाऱ्यांची डोकी कमी करा आणि गेलेल्या माणसाचे नाव ऐसपैस, दोन ओळींत लिहा. साडेतीन हात जागा स्मशानातसुद्धा मिळते. चौकात का मिळू नये?