कार्बोरेटरखालचा बोल्ट

मराठी साहित्याच्या वर्गात यंत्र येते ते बहुधा प्रतीक होऊनच येते. मर्ढेकरांची कविता शिकवताना आपण यंत्रयुग, परात्मता, माणसाचे यंत्रवत् होणे ह्यांविषयी तासभर बोलतो. त्या तासात एकही यंत्र उघडले जात नाही. ह्यात काही गैर आहे असे मला अनेक वर्षे वाटले नव्हते. एका जुन्या जीपचे इंजिन घरच्या अंगणात उतरवून ते पुन्हा बांधण्याचा खटाटोप केल्यानंतर मात्र ह्या सवयीविषयी शंका उत्पन्न झाली. तीच येथे मांडायची आहे.

जीप सीजे-३बी ह्या जातीची. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये अमेरिकेत आणले आणि महिंद्रने परवान्याखाली ते आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनवले. दुसऱ्या महायुद्धातील जीपला ६० अश्वशक्तीचे ‘गो डेव्हिल’ इंजिन होते. त्यात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे सर्व व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत. त्यानंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरचे माप तेच राहिले, म्हणजे चार सिलिंडर मिळून सुमारे २२०० घनसेंटिमीटर. पण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये राहिले. इंजिन त्यामुळे उंच झाले आणि ते मावावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. ह्या गाडीच्या ज्या ताठ, काहीशा ओबडधोबड चेहऱ्यावर लोक लुब्ध होतात, त्याचे मूळ व्हॉल्व्हच्या जागेत आहे. आशय आणि आकृतिबंध ह्यांच्या संबंधाविषयी मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. इतके निखळ उदाहरण मला त्यापूर्वी सापडले नव्हते.

हेड काढण्याच्या दिवशी मी पुस्तकातील क्रमाने बोल्ट काढत गेलो. दिसणारे सर्व बोल्ट निघाले, तरी हेड जागचे हलेना. गॅस्केट चिकटले असावे असे समजून मी लाकडी ठोकळा लावून हातोडीने ठोके दिले. आणखी जोर लावला असता तर ओतीव लोखंडाला तडा गेला असता. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मिस्त्री सहज डोकावले आणि म्हणाले, “सर, कार्बोरेटरखालचा बोल्ट काढलात का?” ह्या इंजिनात हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या बैठकीखाली, हवा आत जाण्याच्या पोकळीत दडलेला असतो. पुस्तकात त्याची सूचना होती. मी ती वाचली होती आणि ओलांडून पुढे गेलो होतो. ज्याने आयुष्यभर सूक्ष्म वाचनाचा पुरस्कार केला त्याला एक साधे वाक्य वाचता आले नाही, आणि ते ज्यांना येत होते त्यांनी ते पुस्तक कधी हाती धरले नव्हते. शिकवले त्यांनी, ‘सर’ मात्र मीच राहिलो.

पुढचा प्रश्न सिलिंडरचा होता. पिस्टनची रिंग वरच्या ज्या मर्यादेपर्यंत जाते तिथे सिलिंडर सर्वांत अधिक झिजतो, आणि त्याच्या वर न झिजलेल्या धातूची एक कड उरते. मिस्त्रींनी त्या कडेवरून नख फिरवले, पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर खरवडला आणि तिथे ठोकलेला ‘२०’ हा आकडा दाखवला. इंजिन पूर्वी एकदा २० थाउ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत वीस, इतके मोठे कापले गेले होते. आता पुन्हा कापणे भागच आहे तर सरळ ४० करून टाकावे, एकदाच काय ते होऊन जाईल, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. झीज ३० मध्ये साफ होत असेल तर ३० च करायचे. कापलेले लोखंड परत येत नाही, आणि पुढच्या माणसालाही कापायला काही उरले पाहिजे, हे त्यांचे कारण. ब्लॉकमध्ये स्लीव्ह बसवण्याचा उपाय असतो, पण तो अखेरचा.

येथे माझ्यातल्या प्राध्यापकाला पाठचिकित्सा आठवली नसती तरच नवल. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती जे अशुद्ध शिरले होते ते दूर करण्यापुरती. स्वतःची भर घालण्याची मुभा त्यांनी इतरांनाही ठेवली नाही. हे साम्य मला मोहक वाटते, आणि म्हणूनच मी त्याविषयी सावध आहे. कारण मिस्त्रींचा विवेक मला तेव्हाच महत्त्वाचा वाटू लागला, जेव्हा मला त्यात संपादनशास्त्र दिसले. त्यांच्या ज्ञानाला आपल्या ज्ञानाचा शिक्का लागल्याखेरीज ते ज्ञान ठरत नाही, असा हा व्यवहार आहे. प्रतीकीकरणात हा उर्मटपणा सहज लपतो.

रॉबर्ट पर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ (१९७४) आणि मॅथ्यू क्रॉफर्डचे ‘शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट’ (२००९) ही ह्या विषयावरची गाजलेली पुस्तके. दुरुस्ती हे विचाराचे काम आहे हे दोघांनीही आग्रहाने मांडले, आणि त्यांचे ऋण मी मानतो. क्रॉफर्डने तर दुरुस्तीचे दुकानही चालवले. पण दोन्ही पुस्तके अशा समाजातली आहेत जिथे सुशिक्षित माणसाने स्वतःच्या गॅरेजात हात काळे करणे ही रुळलेली गोष्ट आहे. आपल्याकडे हात कोणाचे काळे व्हायचे हे जातीने ठरवले, आणि त्या हातांचे ज्ञान लेखणीपर्यंत क्वचित पोहोचू दिले. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात सुतार, लोहार आदी बलुतेदारांच्या कामाची तपशिलवार नोंद आहे. पण ती एका सरकारी अधिकाऱ्याने बाहेरून केलेली. म्हणूनच ‘घरी इंजिन बांधले’ हे माझे विधानही तपासून घ्यावे लागते. सिलिंडर बोअरिंगवाल्याने कापले, क्रँक दुसऱ्याच कारखान्यात घासून आला, हेड तिसऱ्या ठिकाणी सपाट झाले. मी धुतले, मोजले, जुळवले आणि आवळले. तरी ह्या कामावर निबंध माझा निघतो. त्यांची निघतात ती बिले.

शेवटचे काम टॅपेटचे. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला १८ थाउ आणि बाहेर सोडणाऱ्याला १६ थाउ फट ठेवायची, इंजिन थंड असताना. पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते किंचित टकटकत होते, म्हणून मी फट कमी करायला निघालो. मिस्त्री म्हणाले, “राहू द्या सर. बोलणारा टॅपेट परवडतो, मुका नाही.” फट जास्त असेल तर आवाज येतो. ती नको इतकी कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि गुपचूप जळत राहतो. समीक्षेत मुक्या टॅपेटांची संख्या मोठी आहे, असे वाक्य मी लगेच मनात रचले. ते येथे शेवटी घालणार होतो. घातले नाही, कारण त्या वाक्यासाठी मला टॅपेट कळण्याची गरजच नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे. यंत्रावर, शेतीवर, चुलीवर लिहिताना आधी ती वस्तू तिच्या मापांसह समजून घ्यावी आणि प्रतीक नंतर, परवडले तर, करावे. आणि वर्गात ज्या विद्यार्थ्याचे वडील गॅरेज चालवतात त्याला ‘निसर्गातील एक सकाळ’ लिहायला सांगण्याऐवजी हेड कसे काढतात ते क्रमवार, एकही बोल्ट न चुकवता लिहायला सांगावे. तो निबंध तपासण्याची पात्रता आपल्यापैकी किती जणांपाशी आहे, हे त्यानिमित्ताने कळेल.