न्यायासन आणि मतपेटी

कॅलिफोर्नियात अपील न्यायालयांचे न्यायाधीश राज्यपाल नेमतात. नंतर मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे मतदाराने ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच नोंदवायचे. प्रतिस्पर्धी नसतो. पूर्ण मुदत १२ वर्षांची. लोकशाहीचा केवढा हा गौरव, असे म्हणणाऱ्यांनी १९८६ साल आठवावे! सरन्यायाधीश रोझ बर्ड यांनी आपल्यापुढे आलेल्या ६१ पैकी एकाही फाशीवर शिक्कामोर्तब केले नव्हते. मुख्यतः त्यावरूनच रान पेटविले गेले आणि रेनोसो व ग्रोडिन या सहकाऱ्यांसह मतदारांनी त्यांना घरी पाठविले. निकालपत्रे कितीजणांनी वाचली असतील? वाचकहो, आपला मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात असता, तर मतांची बेरीज करणारा न्यायाधीश आपल्याला चालला असता काय? भ्रष्ट न्यायाधीशांची चौकशी करण्यास तेथे १९६० पासून स्वतंत्र आयोग आहे. मग मतपेटी कशासाठी?