कोनिओ डॉट एच म्हणजे सी नव्हे!

फर्स्ट इयरला आपण दोन ओळी मंत्रासारख्या पाठ करतो : हॅश इन्क्लूड स्टुडिओ डॉट एच, हॅश इन्क्लूड कोनिओ डॉट एच. पहिलीचं नाव 'स्टुडिओ' नाही, ते स्टँडर्ड इनपुट-आऊटपुट आहे, पण ते सोडा. माझा आक्षेप दुसरीवर आहे. ती सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये कधीच नव्हती. डॉसवरच्या कंपायलरवाल्यांनी दिलेली ती एक सोय. म्हणून टर्बो सीवर मजेत चाललेला प्रोग्रॅम उबुंटूवर सुरुवातीलाच आडवा होतो आणि पोरं म्हणतात, "लिनक्स बेकार आहे यार!"

मिनजीडब्ल्यूकडे त्याच नावाची फाईल आहे, पण तिच्यात आपलं लाडकं सीएलआरएससीआर नाही. नाव एक, आतला माल वेगळा. हेडर फाईल कोणीतरी पुरवत असतं, हे आपल्याला सांगितलंच जात नाही. उबुंटूवर 'स्टुडिओ' येते ग्लिबसी लायब्ररीबरोबर, तर एसटीडीडीईएफ डॉट एच जीसीसी स्वतः आणतो. व्हिज्युअल स्टुडिओचा संच आणखी निराळा.

होस्टेलमधला इलाज ठरलेला : मित्राचा इन्क्लूड फोल्डर पेन ड्राइव्हवर आणून आपल्या मशीनवर ओतायचा. रोगापेक्षा इलाज भयंकर! हेडरमध्ये असते ती फक्त ओळख, म्हणजे फंक्शन कसं कॉल करायचं, स्ट्रक्चरमध्ये काय कुठे आहे वगैरे. काम करते मागची लायब्ररी. ६४ बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. एकाची ओळख आणि दुसऱ्याचं काम अशी मोट बांधली, तर एरर आली तर नशीब समजा. न येता चुकीचं उत्तर आलं तर शोधत बसा.

कंपायलरच्या फाईलींना हात लावूच नये. प्रोजेक्टमध्ये आपली एकच प्लॅटफॉर्म डॉट एच ठेवावी, विंडोज की युनिक्स हा इफडेफ तिथेच आणि फक्त तिथेच. नाहीतर विंडोजवरचं कॅपिटल एसचं स्लीप मिलिसेकंद मोजतं आणि युनिक्सवरचं स्मॉल एसचं सेकंद. १००० लिहिलंत तर एका सेकंदाऐवजी सोळा मिनिटं चाळीस सेकंद एक्स्टर्नलच्या तोंडाकडे बघत उभे राहाल!

सर-मॅडमनी रागावू नये, पण मॅन्युअलमध्ये 'ही फाईल स्टँडर्ड नाही' एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट सबमिशनआधी एका विंडोज आणि एका लिनक्स मशीनवर कंपाइल करून दाखवायला लावा. दोन्ही मशीन लॅबमध्ये शेजारी शेजारीच आहेत.