साठवलेला ठोका

१९८० साली कॅलिफोर्नियात रॉजर लिन नावाच्या तरुण गिटारवादकाने एक ड्रम मशीन बाजारात आणलं. त्याचं नाव एलएम-१ आणि किंमत सुमारे पाच हजार डॉलर. त्यात किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन टॉम, दोन काँगा, कबासा, डफलीसारखं टँबरीन, काउबेल, क्लेव्ह आणि टाळी असे बारा आवाज होते. तोवरची बहुतेक यंत्रं विजेच्या मंडलातून ड्रमसारखा भासणारा आवाज तयार करत. लिननी खऱ्या वाद्यावर पडलेला खरा ठोका मुद्रित केला, तो आकड्यांत उतरवला आणि चिपमध्ये बसवला. आज जगभर घरोघरीच्या कॉम्प्युटरवर जे ड्रमकिट वाजतं, त्याचा वंश इथून सुरू होतो.

या यंत्रात क्रॅश आणि राइड या मोठ्या सिम्बल नव्हत्या. कारण साधं होतं. दर सेकंदाला सुमारे २८ हजार नोंदी आणि प्रत्येक नोंद ८ बिटांची, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला साधारण २८ हजार बाइट लागायचे आणि तेव्हाची मेमरी फार महाग होती. किक पाव सेकंदात संपते. सिम्बल मात्र कितीतरी सेकंद घुमत राहते, आणि तेवढी जागा परवडत नव्हती. तरीही हे तोकडं किट घेऊन प्रिन्सने १९८४ साली ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ हे गाणं केलं. एलएम-१मध्ये प्रत्येक आवाजाला स्वर वरखाली करायचं स्वतंत्र बटण होतं. प्रिन्सने त्या बटणांनी आवाज इतके वाकवले, की ते कुठल्याच ड्रमसेटचे उरले नाहीत, त्याचे स्वतःचे झाले. त्या गाण्यात बास नाही, त्यामुळे सगळा भार तालावर येतो आणि तो ताल तो भार पेलतो.

ठोका साठवून ठेवायची कल्पना लिनपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हिदमेट हे यंत्र केलं, त्यात खऱ्या ड्रमवादनाच्या चुंबकीय फितीच गोल फिरत असत. १९५९ साली वुर्लित्झर कंपनीचं साइडमॅन हे तालयंत्र आलं, तेव्हा तिथल्या वादकांच्या संघटनेने विरोध केला होता. पोट त्यावर होतं, विरोध होणारच.

एलएम-१ आलं त्याच वर्षी जपानच्या रोलँडने टीआर-८०८ काढलं. त्यात एकही मुद्रित आवाज नव्हता, सगळे विजेतून घडवलेले होते आणि खऱ्या ड्रमच्या जवळपासही जात नव्हते. साधारण बारा हजार नग विकून १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्या पोरांना लिनचं यंत्र कधीच परवडलं नसतं, त्यांच्या हाती पडली. आज ८०८ची ती लांबलचक किक ऐकली नाही असा श्रोता सापडणं कठीण. हुबेहूबपणाच्या शर्यतीत हरलेलं यंत्र आपल्या आवाजाच्या जोरावर टिकून राहिलं. किट निवडायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आजची जवळजवळ सगळी जाहिरात हुबेहूबपणाचीच असते.

१९८७ साली ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. त्यात वापरणारा स्वतः आवाज भरू शकत होता, पण एकूण दहा सेकंदच. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांनी त्यावर तोड काढली. ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून आवाज यंत्रात घ्यायचा, म्हणजे जागा कमी लागते, आणि मग यंत्रातच तो खाली उतरवायचा. त्या खटाटोपात आवाजाला जो खरखरीत पोत आला, तो पुढे त्या संगीताची ओळख झाला. रॉजर लिननी जपानच्या अकाईसाठी रचलेलं एमपीसी-६० हे यंत्र पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये आलं.

पण या यंत्रांत भरले जाणारे ठोके होते कोणाचे? क्लाइड स्टबलफिल्ड या ड्रमरने १९६९ साली सिनसिनाटीत जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यासाठी एक ठेका वाजवला. तो ठेका पुढे असंख्य गाण्यांत कापून जोडला गेला. गाण्याचे हक्क ब्राउनच्या नावावर होते, त्यामुळे स्टबलफिल्डना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. त्याच १९६९ सालच्या, द विन्स्टन्स या गटाच्या ‘आमेन, ब्रदर’ गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी सहाएक सेकंदांचा एक तुकडा वाजवला. त्या तुकड्यावर ब्रिटनमध्ये जंगल आणि ड्रम अँड बास हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमन २००६ साली अटलांटात वारले, तेव्हा त्यांना राहायला घर नव्हतं. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर स्टबलफिल्डनी सांगितलं, की कर्करोगावरच्या उपचारांचं त्यांचं बिल प्रिन्सने गुपचूप भरलं होतं. एका माणसाच्या चांगुलपणाने दुसरा तरला ही गोष्ट मोठीच आहे, पण व्यवस्थेने काय केलं हा प्रश्न तिथेच राहतो.

१९९८ मध्ये गिगासॅम्पलर हे सॉफ्टवेअर आलं आणि मेमरीची अडचण मिटली. आवाजाची फक्त सुरुवात मेमरीत ठेवायची आणि उरलेला भाग हार्ड डिस्कवरून वाजता वाजता उचलायचा, ही त्याची युक्ती. मग किट फुगायला लागली. स्वीडनमधल्या उमिओच्या टूनट्रॅकने ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ काढलं. त्यातले ठोके त्याच गावच्या मेशुगा या मेटल बँडच्या टोमास हाके यांचे. आणि २००५ साली मेशुगाने स्वतःचा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम त्याच नमुन्यांवर प्रोग्रॅम करून केला. जगातल्या उत्तम ड्रमरांत ज्याचं नाव घेतात, तो माणूस बँडमध्ये हजर असताना त्याचे साठवलेले ठोके वापरले गेले. २००३ साली ब्रिटनच्या एफएक्सपॅन्शनचं बीएफडी हे किट आलं. २०१७ च्या सुपिरिअर ड्रमर ३ या किटसाठी ध्वनिमुद्रक जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी बेल्जियमच्या गॅलक्सी स्टुडिओत मुद्रण केलं, त्याचा साठा २३० जीबीच्या वर आहे. एलएम-१च्या हिशेबाने मोजलं तर हा साठा अखंड ९५ दिवस वाजेल.

एवढं सगळं त्यात भरलं तरी काय? एका स्नेअरला हळू ते जोरात असे अनेक थर. त्या प्रत्येक थरात तोच ठोका पुन्हा पुन्हा वाजवून घेतलेला, म्हणजे सलग वाजताना एकाच मुद्रणाची मशीनगनसारखी तडतड होत नाही, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. ड्रमला चिकटून असलेले माइक, डोक्यावरचे ओव्हरहेड, खोलीत दूर ठेवलेले रूम माइक. स्नेअरच्या माइकमध्ये झिरपलेला हाय-हॅटसुद्धा. आवाजाच्या बाजूने मागायला फारसं काही उरलेलं नाही, आणि म्हणूनच आता सगळी जबाबदारी वाजवणाऱ्यावर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की किट विकत घेणारा माणूस त्या क्षणापासून ड्रमर होतो आणि ड्रमरचं काम त्याने शिकलंच पाहिजे.

निवड करताना मी आधी सिम्बल ऐकतो. किक बदलता येते, स्नेअरवर दुसरी स्नेअर चढवता येते, पण न आवडणारी राइड पूर्ण गाणंभर छळते. मग स्नेअर अगदी हळू, कुजबुजत वाजवून पाहावी. डेमोमध्ये जोरकस ठोके असतात, आणि स्वस्त किट उघडी पडतात ती खालच्या व्हेलॉसिटीवर, मुख्य ठोक्यांच्या मधल्या त्या हलक्या स्पर्शांत. हाय-हॅट बंद आणि उघडी यांच्या मधल्या किती अवस्था आहेत तेही पाहावं. मग खोली. ज्या दालनात मुद्रण झालं ते गाण्याला मानवणारं असलं तर निम्मं मिक्सिंग झालं म्हणा. चकाचक, आधीच प्रक्रिया केलेलं किट पहिल्या दिवशी मोहात पाडतं, पण त्यातला कॉम्प्रेशनचा ठसा नंतर काढता येत नाही. शिकणाऱ्याने कच्चा आवाज देणारं एकच किट घ्यावं आणि वर्षभर त्याच्यावरच काम करावं. दहा किट असलेल्या माणसाचा दिवस किट बदलण्यात जातो.

वापरताना पहिला नियम शरीराचा. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात. क्रॅश आणि स्नेअर एकदम पडतात, तेव्हा हाय-हॅटवर काठी पडायला तिसरा हात लागेल. तिथला हाय-हॅट काढून टाकला की ठेका लगेच मोकळा श्वास घेतो. दुसरा मुद्दा वेळेचा. ठोके आपोआप मात्रेवर बसवण्याची सोय आणि झोल देणारी स्विंगची सोयही लिननीच एलएम-१मध्ये आणली. मात्रेच्या चौकटीतला दर दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायचा, एवढ्यावर तो झोल येतो. पुढे डेट्रॉइटच्या जे डिला या हिपहॉप संगीतकाराने एमपीसी-३००० वर ही आपोआप दुरुस्ती अनेकदा बंद ठेवून बोटांनीच वाजवलं आणि लयीचं एक नवं चालणं दाखवलं. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आजच्या प्लग-इनमध्ये ‘ह्युमनाइझ’ असं बटण असतं. ते ठोके इकडेतिकडे विस्कटतं. मला ते पटत नाही. माणसाच्या ठोक्यात फरक पडतो तो कारणाने. ध्रुवपदाच्या तोंडाशी हात पुढे धावतो, लांब फिलनंतरची किक जरा उशिरा येते, गायक खाली उतरला की काठी हलकी होते. फरक कुठे आणि का करायचा हे गाणं ऐकून ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं फाशांवर सोडू नये.

हा इतिहास मुंबईतही घडला. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड यांच्यासारख्या तालवादकांनी हिंदी चित्रपटांचा रिदम सेक्शन घडवला, आणि १९९० च्या दशकात प्रोग्रॅमिंग आल्यावर तो सेक्शन हळूहळू ओसरला. रुद्रदीप भट्टाचारजी यांचा ‘द ह्युमन फॅक्टर’ हा माहितीपट लॉर्ड कुटुंबाचीच कहाणी सांगतो. दुसरीकडे रोलँडचा १९८५ सालचा ऑक्टोपॅड आणि त्याचे वंशज ऑर्केस्ट्रांत, बँजो पार्टीत, हळदीच्या मांडवात असे रुळले, की काठी हातात धरणारी नवी पिढी त्यावरच घडली. साठवलेला ठोका आणि हाताने वाजवणारा माणूस एकत्र नांदू शकतात याचा हा आपल्या दारातला पुरावा आहे.

मात्र एक मोठी फट राहिली. १९९१ च्या जनरल मिडी प्रमाणाने सगळ्या यंत्रांसाठी ४७ तालवाद्यांचे आवाज ठरवून दिले. त्यात बोंगो, काँगा, मराका, अगोगो, कुइका आहेत. स्वरवाद्यांच्या यादीत सतार आणि सनईला जागा मिळाली, पण तालवाद्यांत एकही भारतीय वाद्य नाही. आता तबला, ढोलक यांची संग्रह-किट मिळतात, तरी मूळ साचा ड्रमसेटचाच आहे. तो गृहीत धरतो, की प्रत्येक ठोका स्वतंत्र असतो, पडतो आणि संपतो. ढोलकीला हे लागू होत नाही. लावणीच्या ढोलकीवर डाव्या हाताने घिस्सा घेतला, की स्वर ठोक्यानंतर चढतो, वळतो आणि पुढच्या ठोक्यात मिसळतो. एकेक ठोका सुटा कापला, तर ती वळणं गळून पडतात. हलगी वाजवण्याआधी शेकतात, आणि जसजसं कातडं निवत जातं, तसतसा तिचा आवाज उतरत जातो. मग तिचा नमुना नेमका कधीचा घ्यायचा? संबळाच्या दोन भांड्यांतला संवाद एका भांड्याच्या मुद्रणात कसा येईल?

हे काम बेल्जियममध्ये होणार नाही, ते आपल्याकडेच व्हायला हवं. मुद्रण सुट्या ठोक्यांचं करावं, त्यासोबत सलग बोलांचं आणि लग्ग्यांचंही करावं. शेकलेली आणि निवलेली अशा दोन्ही हलग्या घ्याव्यात. गोंधळी ज्या अंगणात उभा राहतो तिथेही माइक लावावेत. आणि कोलमन यांच्या वाट्याला आलं ते इथे कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आधी करार व्हावा. वादकाचं नाव किटवर छापलं जाईल, त्या दिवसाचं मानधन वेगळं मिळेल आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्याचा वाटा असेल, हे मराठीत लिहावं आणि सहीआधी त्याला वाचून दाखवावं.